पायाखालची माती : ऑस्ट्रेलियाचे साहित्य आणि हैदराबादची मराठी

गणेशोत्सवात पुण्या-मुंबईकडचे पाहुणे मांडवात आले की आपल्यापैकी कोणीतरी एक वाक्य हमखास बोलतो : "आमची मराठी जरा हैदराबादीच आहे हं, सांभाळून घ्या." पाहुणे हसतात, आपणही हसतो आणि प्रसादाच्या ताटाकडे वळतो. हे वाक्य आपण इतक्या वर्षांपासून बोलत आलो आहोत की त्यात आपण कशाची माफी मागतो आहोत, हे आता आपल्या लक्षातही येत नाही.

या सवयीला दूर ऑस्ट्रेलियात एक नाव मिळाले. ए. ए. फिलिप्स हे मेलबर्नचे शिक्षक आणि समीक्षक. १९५० मध्ये 'मीनजिन' या नियतकालिकात त्यांनी एक छोटा निबंध लिहिला आणि आपल्या देशबांधवांच्या मनातल्या सांस्कृतिक संकोचावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे होते की, ऑस्ट्रेलियन माणूस पुस्तक वाचतो किंवा लिहितो तेव्हा त्याच्या मनात एक सुशिक्षित इंग्रज कायम बसलेला असतो, आणि याला हे कसे वाटेल, या धास्तीतच सारे चालते. हा निबंध वाचताना आम्हाला आपल्याच मांडवातले ते वाक्य आठवले. आपल्या मनात इंग्रज नाही, पण सदाशिव पेठेतले कोणीतरी नक्की बसलेले आहे.

आज आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे सिडनी-मेलबर्नला आहेत. त्या देशाचे साहित्य कसे वाढले, हे वाचताना आपल्या हैदराबाद-सिकंदराबादच्या मराठी साहित्याची वाटचाल नव्या उजेडात दिसते. मूळ भूमीपासून दूर राहिलेली भाषा आपले साहित्य कसे घडवते, तिच्या वाटेत काय आडवे येते आणि ती कुठे चुकते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. त्याचाच हा धावता आढावा.

दोन वसाहती, दोन सुरुवाती

२६ जानेवारी १७८८ रोजी इंग्रजांची जहाजे कैद्यांना घेऊन सिडनीच्या बंदरात उतरली, तिथून त्या देशातल्या इंग्रजीची सुरुवात होते. पहिली कित्येक दशके तिथले शिकलेले लोक लंडनहून येणारी पुस्तके वाचत आणि लंडनच्या धर्तीवर कविता करत. डोळ्यांसमोर निलगिरीची झाडे आणि लाल माती, नाताळ ऐन उन्हाळ्यात. कवितेत मात्र इंग्लंडची हिरवळ आणि हिवाळा. १८७४ मध्ये मार्कस क्लार्क यांची कैद्यांच्या जीवनावरची मोठी कादंबरी पुस्तकरूपाने आली, तेव्हा कुठे त्या भूमीवरचे दुःख गांभीर्याने कागदावर उतरले.

खरा बदल घडवला तो एका साप्ताहिकाने. १८८० मध्ये सिडनीत 'बुलेटिन' सुरू झाले. त्याच्या संपादकांनी सामान्य वाचकांनाच लिहायला बोलावले. मेंढ्या कातरणारे, गुरे हाकणारे, खाणीत राबणारे लोक आपापल्या बोलीत गोष्टी आणि पद्ये पाठवू लागले. त्यातूनच हेन्री लॉसन आणि बँजो पॅटर्सन पुढे आले. लॉसनचा जन्म १८६७ चा. घरची गरिबी, शाळा थोडकी, आणि लहानपणीच आलेले बहिरेपण. १८९२ मध्ये 'बुलेटिन'मध्ये त्याची 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही कथा आली. गुरे घेऊन नवरा महिनोन् महिने दूर गेलेला आहे. रानातल्या खोपट्यात बाई लेकरांसह एकटी आहे, आणि घराखाली साप शिरला आहे. ती रात्रभर कुत्र्याला सोबतीला घेऊन जागी बसते. कथेत एवढेच घडते. पण त्या भूमीवर राहणाऱ्यांना त्यात पहिल्यांदा आपले घर दिसले.

आता आपल्याकडे वळू. आपली सुरुवात वेगळ्या परिस्थितीत झाली. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. म्हणजे मराठी माणूस इथे परका नव्हता, राज्याचा रहिवासीच होता. परकी होती ती राज्यकारभारातली त्याची भाषा. दरबारात आधी फारसी होती, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे उर्दू आली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे माध्यमही उर्दू. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता. परंतु परभणी-नांदेडहून येणाऱ्या मराठी मुलाला ज्ञानाच्या दारात शिरण्यासाठी आधी आणखी एक भाषा पार करावी लागे.

अशा काळात भाषा टिकवायची तर संस्थाच हव्यात, हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले. हेन्री लॉसनच्याच वर्षी, १८६७ मध्ये, परभणीकडच्या भागात जन्मलेले केशवराव कोरटकर हैदराबादेत वकील झाले, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांनी वामनराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांबरोबर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळा उभी केली. १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटक यांनी 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक सुरू केले. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. शाळा, वर्तमानपत्र आणि ग्रंथालय या तीन पायांवर इथले मराठी वाङ्मय उभे राहिले आहे. 'बुलेटिन'ने सिडनीत जे काम केले, त्याचा बराच वाटा इथे या संस्थांनी उचलला.

यात आपल्या सिकंदराबादचेही थोडे देणे आहे. जुनी माणसे ज्याला अजून 'लष्कर' म्हणतात ते सिकंदराबाद, आणि कोठीजवळचा रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आजचा सुलतान बाजार, हे भाग दीर्घकाळ ब्रिटिशांच्या अंमलाखाली होते. रेसिडेन्सी बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत आला, सिकंदराबादचा बहुतेक भाग १९४५ मध्ये. निजामी हुकूम या हद्दीत सरळ लागू होत नसत. १९२९ मध्ये सभाबंदीचे प्रसिद्ध 'गश्ती निशान ५३' निघाले आणि राज्यात सभा भरवणे सरकारी परवानगीवर अवलंबून राहिले. अशा राज्यात चार माणसांनी एकत्र बसून मराठी पुस्तकावर बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. वाचनालये, व्याख्यानमाला आणि गणेशोत्सव यांना इथे जे महत्त्व आले, त्याचे मूळ या कोंडीत आहे.

याच कोंडीत १९३१ मध्ये हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. मराठी ज्ञानकोशासाठी आयुष्य वेचलेला हा विद्वान कादंबऱ्याही लिहीत असे. त्यांच्या एका कादंबरीचे नावच 'परागंदा' आहे. उर्दूच्या या राजधानीत मराठीचा उत्सव भरवताना त्याहून योग्य अध्यक्ष मिळाला नसता.

ज्यांनी इथलीच माती पाहिली

संस्था उभ्या राहिल्या म्हणजे साहित्य उभे राहिले असे होत नाही. लिहिणाऱ्याने पायाखाली पाहावे लागते. आपल्याकडे हे काम ज्यांनी केले, त्यांत बी. रघुनाथ यांचे नाव आधी घ्यावे लागेल.

भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १९१३ चा, परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. शिक्षणासाठी ते हैदराबादला आले, विवेकवर्धिनीत शिकले. पुढे शिकण्याची परिस्थिती नव्हती. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी धरली आणि उरलेले आयुष्य परभणीच्या बाजूला काढले. १९५३ मध्ये चाळिशीतच ते गेले. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. 'म्हणे लढाई संपली' आणि 'आडगावचे चौधरी' ही त्यांतली दोन नावे. निजामी राजवटीतली खेडी, पडझड झालेले वाडे, तुटपुंज्या पगारात मन मारून जगणारा कारकून, हे त्यांचे जग. पुण्या-मुंबईच्या मासिकांत ज्या मध्यमवर्गाच्या कथा छापून येत होत्या, त्यात हे जग नव्हते. लॉसनप्रमाणेच बी. रघुनाथांनाही गरिबीने आणि नोकरीने आयुष्यभर जेरीस आणले. लॉसनला त्याच्या देशाने १९२२ मध्ये सरकारी इतमामाने निरोप दिला. बी. रघुनाथांचे नाव मराठवाडा आजही आदराने घेतो, पण ते आपल्याच विवेकवर्धिनीचे विद्यार्थी होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

दुसरे नाव सेतुमाधवराव पगडी यांचे. जन्म १९१० चा, निलंग्याचा. निजामाच्या मुलकी सेवेत ते अधिकारी होते. मराठे आणि मोगल यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण आदिलाबादच्या जंगलात काम करताना त्यांनी गोंडांची भाषा शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले, गोंडांच्या जीवनावर पुस्तक लिहिले. मराठी घरात जन्मलेला, फारसी-उर्दूत मुरलेला अधिकारी सरकारी दौऱ्यावर असताना रानातल्या माणसाची भाषा शिकतो, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या बाकीच्या विद्वत्तेइतकीच मोठी वाटते. गालिबची ओळख मराठी वाचकाला करून देणाऱ्यांतही तेच होते. त्यांचे 'जीवनसेतु' हे आत्मचरित्र प्रत्येक हैदराबादी मराठी घरात असायला हवे.

तिसरे नाव डॉ. ना. गो. नांदापूरकर. उस्मानिया विद्यापीठात त्यांनी मराठी शिकवले, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास केला, कविता लिहिल्या. त्यांचा भाचा शिक्षणासाठी हैदराबादला येऊन सिटी कॉलेजात दाखल झाला. तो भाचा म्हणजे नरहर कुरुंदकर. पुढे सबंध महाराष्ट्राला ज्यांनी विचार करायला लावले, त्यांच्या विचारांची पहिली मशागत या शहरात, एका मराठी प्राध्यापकाच्या सहवासात झाली.

आणि जाता जाता बोलीविषयी. हैदराबादेत कुणाही रिक्षावाल्याला विचारा, तो 'नहीं' म्हणण्याऐवजी 'नक्को' म्हणेल. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर 'ऐसाइच', 'वोइच' म्हणेल. हा 'नको' आणि हा 'च' मराठीचा आहे. शतकानुशतके शेजारी राहून मराठीने दखनी उर्दूला हे दिले, आणि दखनीनेही आपल्या घरातल्या मराठीला बरेच काही दिले. पाहुण्यांपुढे आपण ज्या मराठीची माफी मागतो, तिच्यात ही देवघेव आहे. लॉसनने मेंढपाळांच्या बोलीची माफी मागितली असती, तर त्याचे साहित्य लिहिलेच गेले नसते.

ज्यांचा आवाज ऐकला नाही

इथवरची गोष्ट अभिमानाची झाली. पण ऑस्ट्रेलियाच्या साहित्याचा इतिहास इथे थांबत नाही, आणि आपलाही थांबवता येणार नाही.

ज्या 'बुलेटिन'ने सामान्य माणसाला लिहिते केले, त्याच्याच शीर्षावर १९०८ पासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ, ऑस्ट्रेलिया गोऱ्यांसाठी, अशा अर्थाचे घोषवाक्य छापलेले असे. लंडनपुढे मान खाली घालणारा तो समाज त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपुढे मात्र ताठ होता. डेव्हिड उनायपॉन हे मूळनिवासी समाजातले विद्वान, संशोधक आणि लेखक. आपल्या लोकांच्या कथा त्यांनी कष्टाने लिहून काढल्या. १९३० मध्ये त्या कथा लंडनमध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्या एका गोऱ्या डॉक्टरच्या नावावर. उनायपॉन यांचे नाव पुस्तकावर नव्हते. आज ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे, पण ते त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. मूळनिवासी कवयित्रीचा पहिला कवितासंग्रह छापला गेला तो थेट १९६४ मध्ये. तेव्हा कॅथ वॉकर या नावाने लिहिणाऱ्या त्या कवयित्रीने पुढे उजेरू नूनक्कल हे आपल्या समाजातले नाव घेतले. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, इंग्रज आले तेव्हा ती भूमी कोणाचीच नव्हती, हे गृहीतकच चुकीचे आहे. आज त्या देशाच्या साहित्यात अलेक्सिस राइट आणि किम स्कॉट ही मूळनिवासी लेखकांची नावे पहिल्या रांगेत आहेत.

आपल्याकडे असे काही घडले का? घडले, आणि ते आपल्याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात घडले. नोव्हेंबर १९२१ मध्ये तिथे समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी धोंडो केशव कर्वे. व्यासपीठावर उर्दू, मराठी, इंग्रजी भाषणे झाली. मग आलमपल्ली वेंकट रामाराव हे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा होता. त्यांनी टाळ्या पिटून, हुल्लड करून ते भाषण बंद पाडले. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघम् स्थापन झाला. पुढे त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली आणि तेलंगणाच्या जागृतीचा मोठा अध्याय सुरू झाला.

हा प्रसंग तेलुगू इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे येतो. आपल्या स्मरणिकांत तो क्वचितच येतो. उर्दूच्या सावलीत आपली भाषा कोंडली जाते, अशी तक्रार करणाऱ्या आपल्याच मंडळींनी शेजाऱ्याची भाषा ऐकून घेतली नाही. आणि ऐकून घेतली नाही कोणाची, तर ज्यांच्या भूमीवर हे शहर वसले आहे त्यांची. ज्या माणसाला वरच्यापुढे संकोच वाटतो, तोच पुष्कळदा खालच्यावर आवाज चढवतो. ऑस्ट्रेलियातही हेच झाले, इथेही हेच झाले.

तेलुगू साहित्याचाही हाच भोग होता. तेलंगणात कवीच नाहीत, असे हिणवणारे एक विधान तेव्हा गाजले. सुरवरम् प्रताप रेड्डी यांनी रागावून लेख लिहिला नाही. १९३४ मध्ये त्यांनी 'गोलकोंडा कवुल संचिका' हा ग्रंथ काढला आणि त्यात तेलंगणातल्या ३५४ कवींच्या रचना गोळा करून समोर ठेवल्या. संकोचाला याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही. नावे गोळा करायची, लेखन गोळा करायचे आणि छापायचे.

त्या शेजाऱ्याने आपल्यावर राग धरला असेही झाले नाही. उस्मानियात वंदे मातरम् चळवळीत भाग घेतल्यामुळे बाहेर पडावे लागलेला एक तेलुगू तरुण नागपूरला शिकायला गेला. मराठी त्याला उत्तम येत होती. पुढे त्याने ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली, 'अबला जीवितम्' या नावाने. तो तरुण पुढे भारताचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव हे आपल्या दृष्टीने आधी आपट्यांचे अनुवादक आहेत.

गेले ते, आले ते, राहिले ते

१९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली आणि निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्र प्रदेशात. हैदराबादच्या मराठी माणसाने घर बदलले नव्हते, पण एका रात्रीत तो राजधानीतल्या एका मोठ्या भाषिक समाजाचा भाग होता तो तेलुगू राज्यातला अल्पसंख्य झाला. लिहिणारे हात पांगले. पगडी पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरांच्या कामासाठी मुंबईला गेले. कुरुंदकर नांदेडचे झाले. हैदराबादेत ज्याची पाळेमुळे रुजली होती ते मराठवाड्याच्या साहित्य परिषदेचे कार्य औरंगाबादला स्थिरावले.

ऑस्ट्रेलियातले लेखकही असेच पांगत. हेन्री हँडल रिचर्डसन या नावाने लिहिणाऱ्या लेखिकेने बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवरची आपली थोर कादंबरी लंडनमध्ये बसून लिहिली. 'माय ब्रिलियंट करिअर' लिहिणाऱ्या माइल्स फ्रँकलिनलाही १९०१ मध्ये प्रकाशक मिळाला तो स्कॉटलंडमध्ये. पण पॅट्रिक व्हाइट परतले. केंब्रिजमध्ये शिकलेला, लंडनमध्ये रुळलेला हा लेखक १९४८ मध्येच ऑस्ट्रेलियात येऊन राहिला. सिडनीच्या कडेला शेतजमीन घेतली, भाजीपाला आणि कुत्री सांभाळली. तिथे त्यांनी 'द ट्री ऑफ मॅन' लिहिली, रानात घर बांधून राहणाऱ्या एका साध्या जोडप्याची कादंबरी. १९५७ मध्ये 'व्हॉस' आली आणि माइल्स फ्रँकलिनच्या नावाने सुरू झालेले पहिलेच पारितोषिक तिला मिळाले. १९७३ मध्ये नोबेल मिळाले. ते मिळण्यापूर्वी आपल्याच देशातल्या समीक्षकांनी त्यांना बरेच फटके दिले होते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याकडे जे राहिले त्यांनीही हात बांधून घेतले नाहीत. आंध्र प्रदेशातल्या मराठी साहित्य परिषदेने हैदराबादेत काम उभे केले. द. पं. जोशींसारख्यांनी त्यासाठी आयुष्यातली कित्येक वर्षे दिली. परिषदेने 'पंचधारा' हे त्रैमासिक काढले. नावातच त्याचा विचार आहे. मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड आणि हिंदी या पाच भाषांचे पाणी एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. तेलुगू आणि उर्दू साहित्य मराठीत आणण्याचे काम 'पंचधारा'ने केले. पुण्यातले कुठलेही मासिक हे काम या आपलेपणाने करू शकले नसते, कारण तिथे शेजारी तेलुगू आणि उर्दू बोलत नाहीत. १९२१ मध्ये ज्या समाजाने शेजाऱ्याचे भाषण बंद पाडले, त्याच समाजाने पुढे आपले मासिक त्या शेजाऱ्यासाठी खुले केले. आम्हाला हैदराबादी मराठी साहित्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना वाटते.

सिकंदराबादेत याच काळात नवी मराठी माणसे येत होती. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचे मुख्यालय इथे आले, आणि सुरुवातीला सोलापूर विभागही तिच्यात होता. बदलीने आलेली रेल्वेची माणसे, छावणीतले फौजी, बँकांतले आणि कारखान्यांतले नोकरदार यांनी आपल्या मंडळांचे मांडव भरले. पंढरपूर-सोलापूरकडची मराठी आणि जुनी हैदराबादी मराठी एकाच आरतीत मिसळली. पण या जगण्याच्या किती कथा लिहिल्या गेल्या? रेल्वे क्वार्टर्समधल्या मराठी बायका, मनमाडहून रात्रभर धावत येणारी अजंता एक्सप्रेस, लष्करच्या बोनालूत शेजारणीबरोबर डोक्यावर घट घेऊन निघालेली मराठी सून, शाळेत तेलुगू, गल्लीत उर्दू आणि घरी मराठी बोलणारी मुले. हे सगळे आपण पाहिले आहे, कागदावर मात्र फारसे आलेले नाही. आपल्या मंडळांच्या कपाटांत पुण्या-मुंबईची पुस्तके आहेत, असायलाच हवीत. त्यांच्या शेजारी सिकंदराबादचे पुस्तक ठेवायचे म्हटले तर हात थबकतो.

आता आपले काम

ऑस्ट्रेलियाच्या साहित्याकडून शिकायचे ते आमच्या मते दोन गोष्टींपुरते आहे. भाषा मूळ गावापासून कितीही दूर गेली तरी ती दुय्यम होत नाही. लिहिणाऱ्याने दुसऱ्या गावाकडे डोळे लावून लिहिले की ती दुय्यम होते. आणि ज्या भूमीवर आपण राहतो, तिथल्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय त्या भूमीचे साहित्य पुरे होत नाही. हे दुसरे शिकायला तिकडे पावणेदोनशे वर्षे लागली. आपल्याला इतका वेळ नाही. निजामी काळ पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९५६ चा तो बदल आठवणारेही ऐंशीच्या पुढे आहेत. दर वर्षी आरतीच्या रांगेतला एखादा ओळखीचा चेहरा दिसेनासा होतो आणि त्याच्याबरोबर एक न लिहिलेले पुस्तक जाते.

म्हणून पुढच्या स्मरणिकेसाठी आमची एक साधी विनंती आहे. प्रत्येक घराने आपल्या घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून दोन पाने लिहून आणावीत. ते इथे कधी आले, कोणत्या गल्लीत राहिले, शेजारी कोण होते, बाजारात कोणत्या भाषेत भाव केला, एवढेच. भाषा सुधारून घेऊ नये. 'नक्को' असेल तर 'नक्को'च राहू द्यावे. मेलबर्न-सिडनीला असलेल्या मुलांनीही तिथल्या गल्लीविषयी, तिथल्या शेजाऱ्याविषयी मराठीत दोन पाने पाठवावीत. आपली नातवंडे आता दुसऱ्यांदा दूरदेशी झाली आहेत. जो संकोच आपण मांडवात दर वर्षी उच्चारतो, तो त्यांच्या गळी न उतरवणे आपल्याच हाती आहे.

व्यासांचा लेखक व्हायला गणरायाने होकार दिला तेव्हा त्यानेही अट घातली होती की सांगणाऱ्याने मध्ये थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. सांगणारे आपल्या घरात अजून आहेत. समजून घेऊन लिहिणारे हात तेवढे हवेत.

गणपती बाप्पा मोरया!